आधी कीड निवडा, मग जनुक

वर्धा जिल्ह्यातल्या कृषी किंवा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने आरएनए इंटरफिअरन्सवर प्रकल्प करायचे ठरवले, की त्याच्या तोंडी पहिले नाव येते ते गुलाबी बोंडअळीचे. देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, सेलू भागातल्या कपाशीच्या घरात वाढलेल्या मुलाने २०१७ चा हंगाम पाहिलेला असतो. बाहेरून हिरवेगार दिसणारे बोंड फोडावे तर आत अळी, सरकी पोखरलेली आणि कापसाची कवडी झालेली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. नेमक्या एकाच किडीला लागेल आणि फवारणाऱ्याच्या रक्तात उतरणार नाही असे औषध हवे, ही ओढ त्या आठवणीतून येते आणि ती खरी आहे. पण या तंत्राची सुरुवात बोंडअळीपासून करू नका, असे मी कळकळीने सांगेन. कारण सांगण्याआधी हे तंत्र चालते कसे ते थोडक्यात पाहू.

पेशीत जनुकाचा निरोप एकपदरी आरएनएच्या रूपात बाहेर येतो आणि त्यावरून प्रथिन तयार होते. पेशीला कुठे दुपदरी आरएनए आढळला, तर ती तो विषाणूचा समजते. डायसर नावाचे एन्झाइम त्याचे साधारण २१ अक्षरांचे तुकडे करते. अर्गोनॉट नावाचे प्रथिन त्यातला एक तुकडा हाताशी धरते आणि त्याच्याशी जुळणारा प्रत्येक निरोप शोधून कापते. निरोप कापला गेला की प्रथिन बनत नाही. म्हणजे किडीच्या एखाद्या आवश्यक जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए आपण बाहेरून दिला, तर कीड स्वतःच्या संरक्षणयंत्रणेनेच ते जनुक बंद करते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका इवल्या सूत्रकृमीत हे दाखवले आणि २००६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. जनुकात कायमचा बदल होत नाही. काही काळ त्याचा आवाज बंद होतो, एवढेच. म्हणूनच एखादे जनुक किडीच्या शरीरात काय काम करते हे शोधायला हे फार चांगले साधन आहे. कीडनियंत्रण ही त्याची पुढची पायरी.

सगळे कीटक सारखे नसतात

ही गोष्ट प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. भुंगेरे या तंत्राला फार चांगला प्रतिसाद देतात. त्यांना दुपदरी आरएनए खाऊ घातला तरी तो आतड्यातून पेशीत शिरतो आणि अंगभर पोहोचतो. पतंगवर्गातल्या अळ्यांचे, म्हणजे गुलाबी बोंडअळी, घाटेअळी, लष्करी अळी यांचे तसे नाही. एका प्रयोगशाळेत यश, दुसरीत काहीच नाही, असा त्यांचा जगभरचा अनुभव आहे. २०११ मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी आपापले यशापयश एकत्र मांडले, तेव्हा अपयशाचे असे बरेच प्रयोग समोर आले की जे कधी छापलेच गेले नव्हते.

कारणे आता बऱ्यापैकी उलगडली आहेत. अळीच्या आतड्याचा सामू १० च्या आसपास, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी असतो आणि तिथली एन्झाइमे आरएनएचे तुकडे करून टाकतात. जो थोडा वाचून पेशीत शिरतो, तो पेशीतल्या छोट्या पिशव्यांत अडकतो. डायसरपर्यंत पोहोचतच नाही. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत यात आणखी एका अडचणीची भर पडते. अंड्यातून निघालेली अळी लवकरच कळीत किंवा बोंडात शिरते आणि शिरल्याचे छिद्र बुजून जाते. त्यानंतर कोणतीही फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. रासायनिक औषध जिथे हरते, तिथे पानावर फवारलेला आरएनएही हरणार.

मग पतंगवर्गासाठी काहीच झाले नाही का? झाले आहे, पण बहुतेक काम फवारणीने झालेले नाही. २००७ मध्ये चिनी संशोधकांनी झाडातच दुपदरी आरएनए तयार करून घाटेअळीचे एक जनुक दाबले. गॉसिपॉल हे कपाशीतले नैसर्गिक विष. ते पचवायला मदत करणारे ते जनुक होते. अळ्यांची वाढ खुंटली. त्याच सुमारास अमेरिकेत मॉन्सॅन्टोच्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या मुळांवर जगणाऱ्या भुंगेऱ्यावर असेच काम दाखवले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठातल्या एम. व्ही. राजम यांच्या गटाने घाटेअळीच्या कायटिनेज जनुकाविरुद्धचा आरएनए तंबाखू आणि टोमॅटोच्या झाडांत आणला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच अळीला कृत्रिम खाद्यातून निरनिराळ्या जनुकांविरुद्धचे आरएनए देऊन तिच्या वाढीत कुठे अडथळा येतो ते पाहिले गेले. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने २०११ मध्ये पांढऱ्या माशीला तोंडावाटे आरएनए देऊन ती मरते हे दाखवले. दिशा आहे, कामही चालू आहे. पण एका शैक्षणिक वर्षात, मर्यादित पैशात काम करणाऱ्या विद्यार्थ्याने बोंडअळीवर प्रयोग फसल्यावर चूक जनुकाची, आरएनएची, मात्रेची की अळीच्या आतड्याची, हे ओळखायचे कसे? ते ओळखता येत नाही आणि मुलांचा धीर तिथेच सुटतो.

पिठातल्या भुंगेऱ्यापासून सुरुवात

धान्याच्या कोठीत, जुन्या पिठात सापडणारा तांबडा भुंगेरा हा या तंत्राचा सगळ्यात भरवशाचा गुरू. गव्हाच्या पिठात साधारण ५ टक्के यीस्टची पूड मिसळून ३० ते ३२ अंश सेल्सिअसला ठेवला, की महिनाभरात त्याची पिढी पूर्ण होते. बारीक चाळणीने अळ्या, कोष, भुंगेरे वेगळे करता येतात. त्याचा संपूर्ण जनुकसंच उपलब्ध आहे. शिवाय मादीच्या कोषात आरएनए टोचला तर त्याचा परिणाम तिच्या पिलांतही दिसतो. हे २००२ मध्येच दाखवले गेले आणि किडींच्या अभ्यासाला त्याने मोठे बळ दिले.

पहिला प्रयोग असा निवडा की निकाल डोळ्यांनी दिसेल. लॅकेज-२ हे जनुक भुंगेऱ्याचे कवच टणक आणि तपकिरी करते. ते बंद केले की नवा भुंगेरा पांढुरका, मऊ राहतो आणि मरतो. असा पांढरा भुंगेरा हाती आला, म्हणजे तुमचा आरएनए बरा, सुई बरी, हात बसला. हे सिद्ध होईपर्यंत नव्या जनुकाकडे वळू नका.

आरएनए बनवण्यासाठी जनुकाचा २०० ते ५०० अक्षरांचा भाग घ्या. फार आखूड तुकडे खाऊ घातले तर कीटकाच्या पेशी ते आत घेत नाहीत. मक्याच्या भुंगेऱ्यावर ६० अक्षरांखाली परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. एकाच जनुकाचे एकमेकांवर न येणारे दोन वेगळे भाग निवडा आणि दोन्हींचा प्रयोग स्वतंत्रपणे करा. दोन्हींनी सारखाच परिणाम दिला तर तो त्या जनुकाचाच, असे ठामपणे म्हणता येते. निवडलेला भाग सार्वजनिक जनुकसंग्रहात टाकून मधमाशी, रेशीमकिडा, ढालकिडा आणि माणूस यांच्याशी ताडून पाहा. सलग २१ अक्षरे कुठेही जुळली तर तो भाग सोडा. ढालकिड्याचे नाव मी मुद्दाम घेतले. कपाशीवरचा मावा खाणारा हा आपला मित्र जातीने भुंगेराच आहे, त्यामुळे भुंगेऱ्यांसाठी बनवलेला आरएनए त्याला लागण्याची शक्यता जास्त असते. संगणकावरच्या तपासणीने समाधान मानू नका. त्याला प्रत्यक्ष खाऊ घालून पाहा.

तयार आरएनए अगारोज जेलवर चालवून एकच स्वच्छ पट्टा येतो का पाहा. मग छोट्या नळ्यांत वाटून गोठवून ठेवा. पुन्हापुन्हा वितळवणे-गोठवणे टाळा. टोचताना भुंगेऱ्याच्या अळीला १०० ते २०० नॅनोग्रॅमपासून सुरुवात करावी. काचेची नळी तापवून ओढलेली बारीक सुई, बर्फावर सुस्त केलेली अळी आणि शांत हात लागतो. पहिल्या चोवीस तासांत मेलेल्या अळ्या बहुधा सुईच्या जखमेने मेलेल्या असतात. त्या वेगळ्या मोजा.

तुलनेचे गट हा या कामाचा कणा आहे आणि विद्यार्थी नेमके तिथेच कापतात. नुसते पाणी टोचलेला गट पुरत नाही. कीटकात नसलेल्या एखाद्या जनुकाचा दुपदरी आरएनए तेवढ्याच मात्रेत दिलेला गट हवाच. जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक यासाठी जगभर वापरतात. दुपदरी आरएनए दिसला की कीटकाचे शरीर विषाणू आल्यासारखे वागते, त्याचाही थोडा परिणाम होतो आणि तो वजा करायला हाच गट उपयोगी पडतो. प्रत्येक गटात वीस-तीस किडे, आणि सगळा प्रयोग वेगवेगळ्या तुकड्यांवर किमान तीनदा. तुलनागटातही काही किडे मरतातच. त्यासाठी ॲबट यांचे १९२५ चे जुने सूत्र आजही चालते.

जनुक खरेच दबले का, हे क्यूपीसीआरने तपासावे. त्यासाठीचे प्रायमर तुम्ही दिलेल्या आरएनएच्या भागाबाहेरचे असले पाहिजेत, नाहीतर यंत्र तुम्हीच टोचलेला आरएनए मोजून दाखवते. तुलनेला एक नव्हे, दोन स्थिर जनुके घ्या. आणि घाई करू नका. निरोप दोन-तीन दिवसांत कमी झालेला दिसतो, पण आधी बनलेले प्रथिन शरीरात टिकून असते. मरतूक पाचव्या, सातव्या, कधी दहाव्या दिवशी दिसते. तिसऱ्या दिवशी वही मिटून प्रयोग फसला असे लिहिणे म्हणजे झालेल्या कामावर पाणी सोडणे.

हे सगळे जमल्यावर एखाद्याला बोंडअळीकडे किंवा घाटेअळीकडे वळायचेच असेल, तर आधी टोचून पाहा, मग खाऊ घाला. टोचल्यावर जनुक दबले आणि खाल्ल्यावर नाही, तर अडचण आतड्यात आहे. तसे असेल तर अळीच्या आतड्याचा रस काढून परीक्षानळीत आरएनएबरोबर ठेवा आणि पाच, पंधरा, तीस, साठ मिनिटांनी जेलवर चालवा. पट्टा किती लवकर नाहीसा होतो ही एक नोंदसुद्धा प्रबंधाला पुरेल इतकी मोलाची आहे. कारण आरएनएला कोणते आवरण द्यायचे, हे त्यावरून ठरते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात नीना मित्तर यांच्या गटाने मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर आरएनए बसवला. २०१७ च्या त्यांच्या प्रयोगात एका फवारणीने पानांना विषाणूपासून सुमारे वीस दिवस संरक्षण मिळाले, आणि पुढे २०२२ मध्ये तेच तंत्र पांढऱ्या माशीवर वापरले गेले. अळीच्या आतड्यासाठी वेगळे आवरण लागेल, पण विचाराची रीत तीच.

सोयाबीनचा चक्रीभुंगा, संत्र्याची सायला

वर्ध्यात कपाशीइतकेच सोयाबीन महत्त्वाचे आणि सोयाबीनवरचा चक्रीभुंगा हा भुंगेराच. या जिल्ह्यासाठी हाती घेण्याजोगा विषय मला इथे दिसतो. मादी देठावर किंवा खोडावर दोन चक्रकाप घेते आणि मधल्या भागात अंडे घालते. अळी खोड पोखरत खाली जाते आणि पूर्ण वाढल्यावर जमिनीपासून १५ ते २५ सेंटिमीटरवर झाड आतून कापते. म्हणजे अळीही आतच असते, पण भुंगेरा मात्र बाहेर असतो आणि बाहेरून कुरतडतो. पिठातल्या भुंगेऱ्याच्या मादीत दिसतो तसा आईकडून अंड्यात उतरणारा परिणाम इथेही मिळतो का, आरएनए लावलेले देठ खाल्लेल्या मादीची अंडी उबतात का, हा सरळ, मोजता येणारा प्रश्न आहे. जुलै-ऑगस्टमध्ये चक्रकाप दिसू लागले की प्रौढ भुंगेरे गोळा करा. काढणीनंतर उरलेल्या खोडात सुप्तावस्थेतल्या अळ्या मिळतात. त्यांच्यावर टोचण्याचे काम हिवाळ्यात करता येते. सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना प्रादुर्भाव कोणत्या गावांत जास्त आहे हे विचारून मगच नमुन्यांसाठी निघावे.

कारंजा, आष्टी, आर्वी भागात संत्रा आहे. तिथली सिट्रस सायला रस शोषते आणि ग्रीनिंग रोग पसरवते. तिच्यावर परदेशात आरएनएचे बरेच काम झाले आहे आणि नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. ज्याला तिकडे ओढा असेल त्याने तिथल्या शास्त्रज्ञांशी बोलावे.

परवानगीविषयी दोन गोष्टी. शुद्ध आरएनए किटने नळीत बनवला तर त्यात जिवंत काही नसते. पण स्वस्त पडते म्हणून तो जनुक बदललेल्या जिवाणूत बनवत असाल, तर १९८९ च्या नियमांनुसार तुमच्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते आणि वापरलेले सगळे ऑटोक्लेव्ह करूनच टाकावे लागते. आणि प्रयोगशाळेत बनवलेला आरएनए कुणाच्या शेतात 'फक्त एका ओळीवर' म्हणूनही फवारू नका. शेतकऱ्याने कितीही आग्रह केला तरी नाही.

शेतकऱ्यांसाठी

दुकानात कुणी आरएनएचे औषध म्हणून बाटली पुढे केली, तर त्यावरचा केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक पाहा आणि लेबलवर पीक व कीड कोणती लिहिली आहे ते वाचा. क्रमांक नसेल तर पैसे खिशात ठेवा. अमेरिकेत बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी लेडप्रोना नावाच्या फवारणीच्या आरएनएला डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीही सुरुवातीला तीन वर्षांपुरती. ती त्या भुंगेऱ्यासाठी आहे. आपल्या बोंडअळीवर तिचा उपयोग नाही. प्रत्येक किडीसाठी वेगळा आरएनए लागतो. हीच या तंत्राची मोठी ताकद आणि हेच त्याचे बंधन.

माणसाला यापासून धोका काय, हा प्रश्न योग्य आहे. भाजी, डाळ, फळ, प्रत्येक अन्नात आरएनए असतोच आणि तो आपल्या पोटात पचतो. मक्यातल्या आरएनएवर झालेल्या अभ्यासात तो मातीत पडल्यावर साधारण दोन दिवसांत निकामी झाला. म्हणजे अवशेष राहण्याची भीती फारशी नाही. पण तो इतका लवकर संपतो म्हणूनच शेतात टिकवणे अवघड आहे.

आरएनएचे औषध येईपर्यंत बोंडअळीसाठी जे हाती आहे ते पूर्ण करा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा. ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, किंवा शंभरात दहा हिरवी बोंडे पोखरलेली निघाली, की उपाय सुरू करा. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा. फरदड घेऊ नका. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका. तिच्यातल्या किडक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामाची वाट पाहत पडून राहते. हिंगणघाटच्या जिनिंगच्या आवारातही सापळे लागावेत आणि किडकी सरकी तिथेच नष्ट व्हावी, हा आग्रह शेतकऱ्यांनी धरला पाहिजे, कारण पतंगाला शेताचा बांध कळत नाही.

आणि प्रतिकारशक्ती. बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची बोलगार्ड-२ आली, आणि दहाएक वर्षांत गुलाबी बोंडअळी दोन्ही विषांना पुरून उरली. पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळायची, ती बांधावर फेकली गेली. तिच्यातून लावायच्या बिगर-बीटी आश्रयाच्या ओळी लागल्या नाहीत. आरएनएला कीड सरावणार नाही असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. २०१८ मध्ये अमेरिकेत मक्याचा भुंगेरा त्याला सरावल्याचे प्रयोगात दिसले, आणि तो सरावला तो एका जनुकाच्या आरएनएला नव्हे. त्याच्या आतड्याने दुपदरी आरएनए आत घेणेच थांबवले होते. अशा किडीवर जनुक बदलून दुसरा आरएनए दिला तरी चालत नाही. बोलगार्ड गेले तर बोलगार्ड-२ आणू, या विचाराला इथे जागाच उरत नाही.

म्हणून एक काम विद्यार्थी आणि शेतकऱ्यांनी मिळून आजच सुरू करण्यासारखे आहे. कोणतेही आरएनए औषध जिल्ह्यात येण्याआधी इथली कीड त्याला किती बळी पडते याची पायाभूत नोंद असायला हवी. औषध आल्यावर ती नोंद घेता येत नाही. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या गावांतून चक्रीभुंगा गोळा करा. प्रत्येक गावचा नमुना वेगळा ठेवा. गाव, तारीख, पिकाचे वय आणि त्या शेतात आधी झालेल्या फवारण्या लिहा. सगळ्या नमुन्यांना एकाच आरएनएच्या पाच-सहा चढत्या मात्रा देऊन निम्मे किडे कोणत्या मात्रेला मरतात ते काढा, आणि प्रत्येक गावचे काही किडे शुद्ध अल्कोहोलमध्ये उणे २० अंशांवर जपून ठेवा. हेच काम दरवर्षी त्याच गावांत, त्याच आठवड्यात, त्याच मात्रांनी करा.